पहिलं धनुष्य हलकंच घ्या

५ ऑगस्ट २०२३ रोजी, एकाच दिवशी, बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि मूळचा नागपूरचा पण साताऱ्यात तयार झालेला ओजस देवतळे कंपाउंड तिरंदाजीचे जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. ओजसनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले आणि दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून तीन सुवर्णपदकं आणली. आता २०२८च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र दुहेरी सांघिक प्रकाराला जागा मिळाली आहे. त्यामुळे ‘आमच्या मुलीला तिरंदाजी शिकायची आहे’ किंवा ‘मलाच या वयात सुरू करायची आहे’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढत जाणार, यात शंका नाही.

या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं धनुष्य घेऊ? याला सरळ उत्तर द्यायचं तर, आत्ता कुठलंच घेऊ नका. आणि महिना-दोन महिन्यांनी घ्याल तेव्हा तुम्हाला झेपेल असं वाटतं त्याहूनही हलकं घ्या. बाकीचा सगळा लेख म्हणजे या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

धनुष्याचे पौंड म्हणजे ते तराजूवर किती भरतं ते नव्हे. दोरी पूर्ण ओढून धरायला जितका जोर लागतो, तो पौंडांत मोजतात. दुकानात धनुष्य एकदा ओढून बघणं आणि मैदानावर ते दिवसभर ओढणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रिकर्व्हच्या पात्रता फेरीत ७० मीटरवरून ७२ बाण मारावे लागतात. धनुष्य ४० पौंडांचं धरलं तर तेवढ्या बाणांत २,८८० पौंड, म्हणजे जवळपास १,३०० किलो ओढ त्या खेळाडूच्या पाठीतून निघते. सरावाचे बाण त्याहून वेगळे. ही पाठ तयार व्हायला वर्षं लागतात, आणि ती तयार होते हलक्या धनुष्यावरच.

जड धनुष्य घेतलेला नवशिका लांबूनही ओळखू येतो. धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा कानाला जाऊन भिडतो, कंबर मागे कलते, दोरी हनुवटीपर्यंत येण्याऐवजी मानच दोरीकडे पुढे जाते आणि नेम लागायच्या आत बाण सुटून जातो. मग एक बाण डावीकडे, एक उजवीकडे, एक मागच्या जाळीत. खेळाडूचं म्हणणं असतं की नेम धरायची साईट बिघडली आहे. या सवयी एकदा अंगात मुरल्या की काढायला शिकण्यापेक्षा जास्त काळ लागतो, आणि खांद्याची दुखापत झाली तर खेळच सुटतो. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना हे पटवणं सगळ्यात कठीण. दंडात ताकद असते, म्हणून ते ३५ पौंड ओढून दाखवतात. पण तिरंदाजीचं काम दंडाचं नाही, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधल्या स्नायूंचं आहे, आणि ते स्नायू त्यांनी आजवर कधी वापरलेलेच नसतात.

मग किती पौंड? दहा-बारा वर्षांच्या मुलांना १२ ते १४, पंधरा-सोळाच्या मुलामुलींना १६ ते १८, प्रौढ स्त्रियांना १८ ते २० आणि प्रौढ पुरुषांना २० ते २४ पौंड रिकर्व्हवर सुरुवातीला पुरेसे होतात. स्वतःची परीक्षा घ्यायची सोपी रीत आहे. खुर्चीवर बसा, पाय जमिनीपासून थोडे वर उचला आणि बाण लावलेलं धनुष्य लक्ष्याकडे रोखून सरळ मागे ओढा. (ही परीक्षा टार्गेटच्या भिंतीसमोरच घ्यायची, दिवाणखान्यात नाही.) धनुष्य आकाशाकडे न नेता, हिसका न देता ओढता आलं आणि दहा सेकंद न थरथरता धरता आलं, तर ते तुमचं. नाही जमलं तर आणखी हलकं शोधा. २० पौंडांवर १८ मीटरचं अंतर आरामात गाठता येतं, थोड्या सरावानं ३० मीटरही. पुढे वाढवायचं तेव्हा एका वेळी दोन, फार तर चार पौंड.

रिकर्व्ह, कंपाउंड की आपलं लाकडी?

शालेय स्पर्धांपासून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत आपल्याकडे तीन गट दिसतात: इंडियन राउंड, रिकर्व्ह आणि कंपाउंड. इंडियन राउंडचं धनुष्य लाकूड-बांबूचं, सर्वांत स्वस्त. जिल्ह्याच्या ठिकाणी आणि आश्रमशाळांत अनेक मुलांच्या हातात पहिल्यांदा हेच येतं. नंदुरबारच्या सातपुड्यात तिरकमठा हाताळत मोठ्या झालेल्या मुलांना तर त्याचं नवल नसतं. एक-दोन वर्षं शिस्त अंगवळणी पडावी म्हणून हे धनुष्य उत्तम. मात्र त्याचे पौंड बदलता येत नाहीत. मूल वाढलं की धनुष्य बदलावं लागतं.

रिकर्व्ह म्हणजे ऑलिंपिकमधलं, टोकं बाहेर वळलेलं धनुष्य. मधला धातूचा दांडा म्हणजे रायझर, वरखाली बसणारी दोन पाती म्हणजे लिंब. शिकणाऱ्याला हाच प्रकार सगळ्यात सोयीचा, असं माझं ठाम मत आहे. पौंड वाढवायचे तेव्हा फक्त लिंब बदलायची. रायझर तोच चालतो. रायझर घेताना तो ‘आयएलएफ’ जोडणीचा आहे ना, एवढं बघा. ही जोडणी बहुतेक कंपन्यांनी स्वीकारलेली असल्यामुळे एका कंपनीच्या रायझरला दुसऱ्या कंपनीची लिंब बसतात, आणि मैदानावरच्या मोठ्या खेळाडूकडून जुनी लिंब घ्यायची वाट खुली राहते.

कंपाउंडला टोकांशी चाकं असतात. दोरी मागे येत गेली की चाकं फिरून ओझं कमी होतं. पूर्ण ओढल्यावर ५० पौंडांच्या धनुष्यात हातावर दहा-पंधरा पौंडच उरतात, त्यामुळे निवांत नेम धरता येतो. बाण बोटांनी सोडायचा नसतो, त्यासाठी रिलीज नावाचं यंत्र असतं, आणि साईटमध्ये भिंग असतं. नवशिक्याचे बाण यावर लवकर मधल्या पिवळ्या गोलात जाऊ लागतात, म्हणून मोह होतो. अडचण वेगळीकडे आहे. कंपाउंडची दोरी बदलायला, चाकं जुळवायला प्रेस लागतो आणि ते काम येणारा माणूस लागतो. पुणे, सातारा, नागपूर, अमरावतीकडे तशी माणसं भेटतील. तुम्ही जिथे राहता तिथून तासाभराच्या अंतरावर असं कुणी नसेल, तर कंपाउंड घेण्याआधी चार वेळा विचार करा. रिकर्व्ह मात्र ॲलन कीच्या एका जुडग्यावर घरी उघडता-जोडता येतं.

आणखी एक प्रकार बाजारात फार दिसतो: ‘हंटिंग बो’ म्हणून विकलं जाणारं, ४० ते ५० पौंडांचं, बाण-भाता-साईट सगळं एकाच डब्यात असलेलं धनुष्य. फोटोत रुबाबदार दिसतं. नवशिक्यासाठी त्याच्याइतकी वाईट खरेदी दुसरी नाही.

माप आधी, पैसे नंतर

खरेदीपूर्वी तुमच्याबद्दलच्या तीन गोष्टी माहीत हव्यात. पहिली म्हणजे तुमचा कोणता डोळा प्रबळ आहे. दोन्ही तळहात पुढे धरून अंगठे आणि बोटं यांच्यामध्ये लहानसा त्रिकोण करा, त्यातून लांबची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघा आणि मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना वस्तू त्रिकोणातच राहते, तो प्रबळ. उजवा प्रबळ असेल तर दोरी उजव्या हातानं ओढायची आणि धनुष्य डाव्या हातात धरायचं. ते उजव्या हाताचं धनुष्य. हात आणि डोळा जुळत नसतील, म्हणजे माणूस उजखुरा पण डोळा डावा, तर प्रशिक्षकाशी बोलून ठरवा. बहुतेक जण डोळ्याचं ऐकायला सांगतात.

दुसरं माप ओढीच्या लांबीचं. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा आणि त्याला अडीचनं भागा. १६८ सेंटिमीटर आलं तर ओढ साधारण ६७ सेंटिमीटर, म्हणजे साडेसव्वीस इंच. हा अंदाज आहे. खरं माप काही आठवडे शिकल्यावर, पवित्रा स्थिर झाल्यावरच कळतं. घाई न करण्याचं हे आणखी एक कारण. ओढ २६ इंचांच्या आसपास असेल तर ६६ इंची धनुष्य, २८च्या जवळ असेल तर ६८, त्याहून जास्त असेल तर ७० इंची.

तिसरी गोष्ट ओढीची लांबी आणि पौंड यांना जोडणारी आहे: तुमच्या हातात प्रत्यक्ष किती पौंड येतील. लिंबवर छापलेले पौंड २८ इंच ओढीचे असतात. ओढ एक इंच कमी झाली की सुमारे दोन पौंड कमी होतात, वाढली की वाढतात. त्यामुळे २४ पौंडांची लिंब २६ इंच ओढणाऱ्या मुलीच्या हातात २० पौंडांच्या आसपास भरतात, आणि ३० इंच ओढणाऱ्या उंच मुलाच्या हातात २८. दुकानदारानं हे विचारलंच नाही, तर तुम्हीच विचारा. उत्तरावरून त्याचं ज्ञान कळेल.

बाणांवर कंजुषी नको

धनुष्यात थोडी तडजोड चालते, बाणांत चालत नाही. मध्यम दर्जाचा रायझर, साधी लिंब आणि नीट जुळलेले बाण यांची जोडी महागड्या धनुष्याला आणि भलत्याच बाणांना सहज मागे टाकते.

बाण सुटतो तेव्हा तो काठीसारखा ताठ जात नाही. मागून बसलेल्या धक्क्यानं तो वाकतो, मग उलट बाजूला वाकतो आणि असा हेलकावत धनुष्याला वळसा घालून निघतो. हे वाकणं धनुष्याच्या जोराशी जुळलं पाहिजे. त्यासाठी बाणावर ‘स्पाइन’चा आकडा असतो: २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू, मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि बाण इंचाचे किती हजारांश खाली वाकला ते मोजायचं. १००० स्पाइन म्हणजे बरोबर एक इंच. आकडा मोठा तितका बाण मऊ. वीस-बावीस पौंडांच्या धनुष्याला हजारच्या आसपासचा किंवा त्याहून मऊ बाण लागतो. मोठ्या भावाचे ५०० स्पाइनचे बाण त्यावर लावले, तर उजव्या हाताच्या खेळाडूचे बाण सारखे डावीकडे पडत राहतील आणि तो बिचारा आपल्या नेमाला दोष देत बसेल. प्रत्येक मोठी बाण-कंपनी पौंड आणि लांबी यांवरून स्पाइन सांगणारा तक्ता देते. तो बघितल्याशिवाय एकही बाण घेऊ नका.

लांबीत मात्र कंजुषी म्हणजे थेट धोका. ओढताना बाणाचं टोक रेस्टच्या, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या, मागे आलं आणि तसाच बाण सुटला, तर तो धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. म्हणून नवशिक्याचा बाण ओढीपेक्षा किमान एक-दोन इंच लांब असावा. वाढत्या मुलांचा आणखी थोडा. ॲल्युमिनियमचे बाण सुरुवातीला बरे. वाकले तर दिसतं, पुष्कळदा सरळ करता येतात, आणि किंमतही आवाक्यात. कार्बनचे हलके आणि वेगवान, पण त्यांना तडा गेलेला डोळ्याला दिसत नाही. असा बाण सुटताना फुटून हातात शिरल्याचे अपघात झालेले आहेत. कार्बनचा बाण टार्गेटच्या चौकटीवर किंवा दगडावर आपटला की दोन्ही हातांत धरून हलकासा वाकवा, फिरवत कानाशी न्या. करकर ऐकू आली तर तो मोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही. सहा बाणांचा संच कमीत कमी. आठ असले तर बरे, कारण दोन हरवणारच. सगळे एकाच स्पाइनचे, एकाच लांबीचे, एकाच वजनाच्या टोकांचे.

बाणाच्या शेवटची खाच, म्हणजे नॉक, दोरीवर बसताना बारीकसा ‘टक्’ आवाज यावा आणि दोरीवर हलकी टिचकी मारली की बाण गळून पडावा. घट्ट नॉक बाणाला अडवतो. सैल नॉक तर त्याहून वाईट: बाण आधीच निसटला आणि दोरी रिकामी सुटली, तर सगळा जोर धनुष्याच्याच अंगात जातो. रिकामी दोरी ओढून सोडणं हा धनुष्य मोडण्याचा हमखास उपाय आहे. घरी आलेल्या पाहुण्यांना ‘ओढून बघा की’ म्हणून धनुष्य देऊ नका. ते हमखास सोडतात.

उरलेल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. बोटांसाठी चामड्याचा टॅब, हातासाठी आर्मगार्ड, छातीवर चेस्टगार्ड, कमरेला भाता आणि दोरी चढवायला स्ट्रिंगर. हे पाच सुरुवातीलाच हवेत, आणि यांतला टॅब तर स्वतःच्याच मापाचा हवा. गुडघ्यात धनुष्य अडकवून दोरी चढवायची जुनी पद्धत लिंबांना पीळ पाडते, म्हणून स्ट्रिंगर. दोरीला मेण लावत राहा. साईट पुढच्या टप्प्यावर आली तरी चालते. स्टॅबिलायझरच्या लांब दांड्या आणि क्लिकर पहिल्या वर्षी नकोतच.

आंतरराष्ट्रीय दर्जाचा रिकर्व्ह संच लाखांत जातो, हे ऐकून पालक हबकतात. तसा संच पहिल्या दिवशी लागत नाही. बऱ्याच केंद्रांत पहिले काही महिने क्लबचंच धनुष्य वापरायला देतात, आणि देत नसतील तर ते केंद्र नवशिक्यांसाठी नाही असं समजा. जुनं सामान घ्यायला हरकत नाही. लिंब हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवा. कुठे उंचवटा, फट किंवा थर सुटलेला लागला तर परत द्या. दोरी चढवून वरून बघा: दोरी दोन्ही लिंबांच्या बरोबर मधून गेली पाहिजे. जुना रायझर चालतो, जुनी लिंब तपासून चालतात, जुनी दोरी कधीच चालत नाही. आणि एक विदर्भवाल्यांसाठी खास: नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवून लग्नाला जाऊ नका. लिंबांचे थर गोंदानं चिकटवलेले असतात. त्या उष्णतेत ते सुटतात.

मैदान, शिट्टी आणि मागची भिंत

शिकायला कुठे जायचं? जिल्हा क्रीडा कार्यालयात आणि जिल्हा तिरंदाजी संघटनेकडे चौकशी करा. साताऱ्यात अदिती-ओजस घडले त्या दृष्टी अकादमीचं नाव सगळ्यांना माहीत झालं आहे. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून आलेला फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला. पण प्रसिद्ध नावापेक्षा, तुम्ही गेलात त्या दिवशी तिथे काय चाललं आहे ते बघा. सगळे एकाच रेषेवरून बाण मारतात ना? बाण आणायला सगळे एकदमच जातात ना? स्पर्धेत दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एका शिट्टीला मारायला सुरुवात, तीनला बाण काढायला जायचं, आणि लागोपाठ अनेक शिट्ट्या म्हणजे जिथे असाल तिथे थांबा. चांगल्या केंद्रात रोजच्या सरावालाही हाच नियम असतो. टार्गेटमागे मातीचा उंच बांध किंवा जाळी हवी. आणि नव्या मुलाला पहिल्याच दिवशी ३० मीटरवर उभं करणारा प्रशिक्षक दिसला, तर चहा पिऊन घरी परता.

घराच्या गच्चीवर सराव करू नका. २० पौंडांच्या धनुष्याचा चुकलेला बाणही शंभर मीटरच्या पुढे सहज जातो, आणि शहरात शंभर मीटरच्या आत काय काय असतं ते सांगायला नको. शेतात जागा असेल तर उंच ताल बघून तिच्यासमोर टार्गेट लावा. पलीकडे पायवाट, गुरं किंवा काम करणारी माणसं नाहीत याची प्रत्येक वेळी खात्री करा. जुने कपडे आणि चिंध्या गच्च ठासून भरलेलं पोतं हलक्या धनुष्याला छान पुरतं. झाडाच्या बुंध्यावर बाण मारू नका. झाडही जखमी होतं आणि बाणही निघत नाही. टार्गेटमधून बाण उपसताना मागे कुणी उभं नको. मागे सटकन येणारा नॉक डोळ्यात जाणं हा या खेळातला अगदी नेहमीचा, आणि अगदी टाळता येणारा अपघात आहे.

पहिले काही आठवडे कंटाळवाणे असतात, ते असायलाच हवेत. रबरी पट्ट्यावर ओढ शिकायची, मग पाच मीटरवर, कागद न लावलेल्या कोऱ्या टार्गेटवर बाण मारायचे. समोर पिवळा गोल नसला की डोळे तिकडे धावत नाहीत, आणि लक्ष अंगाकडे राहतं: पाय खांद्याइतके फाकलेले, धनुष्य मुठीत आवळलेलं नाही तर तळहाताच्या अंगठ्याकडच्या बाजूवर टेकलेलं, दोरी प्रत्येक वेळी हनुवटीखाली एकाच जागी, आणि बोटं उघडायची नाहीत, फक्त सैल सोडायची. बाण एका जागी गोळा पडू लागले की मग कागद लावा. ते कुठे पडतात याची फिकीर नंतर. साईट हलवून तो गोळा मध्ये आणता येतो. विखुरलेले बाण मध्ये आणणारी साईट अजून कुणी बनवलेली नाही. मुलं कंटाळली तर शेवटी दोन फुगे लावा.

आणि शिकार?

धनुष्य म्हटलं की शिकारीचा प्रश्न येतोच. भारतात याचं उत्तर सरळ आहे: नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारणंच नव्हे, तर मारायचा प्रयत्न, सापळा लावणं, हाकारा करणंही येतं. त्याच कायद्यात हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे ‘बंदूक तर नव्हती’ हा बचाव होत नाही, आणि परवानगीशिवाय धनुष्य घेऊन अभयारण्यात शिरणंही गुन्हा ठरतं. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबत वनखात्याकडून मिळणारी परवानगी ही खात्यानं ठरवलेल्या अटींवर असते. हौशी तिरंदाजांना ते आमंत्रण नव्हे. कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या सहलीला धनुष्य नेऊच नका.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाचकांची गोष्ट वेगळी. तिथे धनुष्यानं हरणाची शिकार कायदेशीर आहे, आणि बहुतेक राज्यांत धनुष्यवाल्यांचा हंगाम बंदूकवाल्यांच्या आधी सुरू होतो. शेजाऱ्यांनी बोलावलं म्हणून उठून जाता येत नाही. परवान्यासाठी सहसा शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात धनुष्याच्या शिकारीसाठी वेगळा. नियम राज्याराज्यांत बदलतात, म्हणून आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची पुस्तिका वाचूनच पुढे जा. अनेक राज्यांत हरणासाठी धनुष्य किमान ३५-४० पौंडांचं असावं लागतं. इथेही माझा सल्ला बदलत नाही: त्या चाळीसपर्यंत हलक्या धनुष्यावरून चढत जा, आणि ते झेपेपर्यंत एक हंगाम गेला तर जाऊ द्या.

शिकारीचा बाण गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही. धारदार पात्याच्या टोकानं रक्तस्राव करून मारतो. म्हणून टोक वस्तऱ्यासारखं धारदार हवं, बाण जड हवा आणि प्राणी आडवा किंवा किंचित पाठमोरा असतानाच, खांद्यामागच्या फुप्फुसांवर बाण सोडायचा. समोरून आलेल्या हरणावर नाही. ही टोकं सरावाच्या टोकांसारखी उडत नाहीत. हंगामाआधी त्यांनीच सराव करून साईट पुन्हा जुळवावी लागते. सरावात तुमचे सगळे बाण ज्या अंतरावरून ताटलीएवढ्या जागेत पडतात, तेच तुमचं शिकारीचं अंतर. नवशिक्याचं ते वीस यार्डांच्या आसपास असतं. बाण लागल्यावर लगेच मागे धावू नये, निदान अर्धा तास थांबून मग माग काढावा. जखमी प्राणी हुसकावला गेला तर मैलभर पळतो आणि सापडत नाही. झाडावर बांधलेल्या मचाणावर चढताना पहिल्या पावलापासून हार्नेस घाला. तिथले गंभीर अपघात बाणांपेक्षा मचाणावरून पडूनच जास्त होतात. जाता जाता: १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखालचा बंदुका-काडतुसांवरचा कर पुढे धनुष्यबाणांनाही लागू झाला, आणि तो पैसा राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी मिळतो. तुम्ही तिथे नुसते टार्गेटसाठी बाण घेतले, तरी तुमच्या खिशातून हा हातभार लागतो.

रान हवं, पण जीव घ्यायचा नाही, अशांसाठी थ्री-डी तिरंदाजी आहे. झाडाझुडपांत फोमचे प्राणी उभे करतात. अंतर सांगत नाहीत, ते डोळ्यानं जोखायचं. स्पर्धेत कंपाउंडला जास्तीत जास्त ४५ मीटर, बाकीच्यांना ३० मीटर. चढावर, उतारावर, फांद्यांच्या मधून बाण मारावा लागतो, आणि सपाट मैदानावर कमावलेला पवित्रा किती पक्का आहे ते तिथे कळतं. आपल्याकडे तयार मैदानं सहज सापडणार नाहीत, पण शेतात बांधाच्या आडोशाला वेगवेगळ्या अंतरांवर चार पोती मांडून हा खेळ मांडता येतो. बाणांना भडक रंगाची पिसं लावा. नाहीतर गवतात अर्धी सकाळ ते शोधण्यातच जाईल.